दुकानातला नातू

“काकू! नातू चालायला लागला का हो?”

वॉशिंग मशीनच्या रांगेपलीकडून हा प्रश्न आला तेव्हा तिनं आधी मागं वळून पाहिलं. मागं एक खांब होता आणि खांबावर स्वतःशीच बडबडणारा टीव्ही. प्रश्न आपल्यालाच आहे हे कळायला तिला एक क्षण लागला. निळ्या शर्टातली एक बाई लगबगीनं तिच्याकडे येत होती. चाळिशी ओलांडलेली, केस घट्ट मागं बांधलेले, दुखऱ्या मनगटाला लवचिक पट्टा. दुकानातल्या पोरी हिला ‘थोरली’ म्हणून हाक मारतात हे तिला आठवलं आणि मागोमाग बाकीचंही सगळं आठवलं. दीडएक वर्षापूर्वी याच रांगेत उभं राहून तिनं याच बाईला सांगितलं होतं, की सुनेला सातव्याच महिन्यात मुलगा झालाय, काचेच्या पेटीत ठेवलाय, त्याला घरी आणायच्या आत कपडे धुवायचं चांगलं मशीन घ्यायचंय. तेव्हा थोरलीनं तिचा हात हातात घेतला होता. आणि नातू नव्हताच. सून नव्हती. मुलगाच नव्हता, तर सून कुठून येणार?

तिचं काम गिऱ्हाईक होण्याचं होतं. मोठमोठ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांचे मालक एका एजन्सीला सांगत, एजन्सी तिला पाठवी. फ्रिज बघायचा, टीव्ही बघायचा, मशीनचं दार उघडून आत डोकं घालायचं, थोडी घासाघीस करायची, घरी विचारून येते म्हणायचं आणि बाहेर पडून गुण द्यायचे. विक्रेत्यानं हसून स्वागत केलं का? गरज विचारली का? जादा वॉरंटीची माहिती दिली का? निघताना ‘पुन्हा या’ म्हटलं का? पर्सच्या कडीशेजारी शर्टाच्या बटणाएवढं एक यंत्र असे, ते सगळं बोलणं टिपून घेई. असे लोक येऊन जातात हे दुकानातल्यांना ठाऊक असे, फक्त कोण आणि कधी ते ठाऊक नसे. ते त्यांना ‘पाहुणे’ म्हणत, आणि हा शब्द उच्चारताना तोंड वाकडं करत. नियम साधा होता. कुणी ओळखलं तर काहीतरी निमित्त काढून तिथून निघायचं, ती भेट रद्द. एकाच माणसाला एकाच दुकानात लवकर परत पाठवत नसत, पण यंदा एजन्सीत माणसं कमी होती, आणि तिथला साहेब, ज्याला ती मनातल्या मनात ‘गुणवाला’ म्हणे, फोनवर म्हणाला होता, “जा हो बिनधास्त. त्या दुकानात माणूस टिकतो कुठं? कोण ओळखतंय तुम्हाला!” आता निघायला हवं होतं. ‘बाई, तुमची काहीतरी गल्लत होतेय,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं.

“लागला तर,” ती म्हणाली. “चालतो कुठला, धावतोच. घरात एक वस्तू जाग्यावर राहू देत नाही.”

“बघा! मी म्हटलं नव्हतं? ही अशी लवकर आलेली पोरं फार चिवट असतात. आधी जिवाला घोर लावतात आणि मग घर डोक्यावर घेतात.” थोरलीचा चेहरा असा फुलला, की तो बघताना तिला लाज वाटायला हवी होती, पण वाटली नाही. वाटला तो आनंद. खराखुरा, छातीत ऊब आणणारा आनंद, जणू तो धावणारा नातू आता मायक्रोवेव्हच्या कपाटाआडून बाहेर येऊन तिच्या पायांना मिठी मारणार होता. जवळच एक नवराबायको एका मशीनवरचा किमतीचा कागद उलटसुलट करून बघत उभे होते. “येतेच हं मी,” त्यांना हातानं थांबवून थोरलीनं तिच्यासाठी स्टूल ओढलं, पाण्याचा ग्लास आणला. गिऱ्हाइकाला वाट बघायला लावली, तिच्या डोक्यातल्या एका कोपऱ्यानं सवयीनं नोंद केली. दुसऱ्या गिऱ्हाइकाला. तो कोपरा गेली कित्येक वर्षं कधी झोपला नव्हता. सख्ख्या बहिणीच्या घरी चहा पितानासुद्धा तो कपबशी कशी ठेवली, हसून ठेवली की आदळली, ते टिपत बसे.

सुरुवातीला तिला हे काम जमत नव्हतं. ती नोकरी करायची ते विम्याचं ऑफिस बंद पडल्यावर घरी बसून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा कुणीतरी या एजन्सीचा पत्ता दिला. पहिल्या दुकानात ती एका फ्रिजपुढे मुकाट उभी राहिली, विक्रेत्यानं जे सांगितलं त्याला माना डोलावल्या आणि बाहेर पडली. गुणवाल्यानं ते ऐकून कपाळाला हात लावला होता. “अहो, गिऱ्हाईक कधी गप्प असतं का? घरचं काहीतरी सांगा. कुणाला काय आवडतं, कोण कुरकुर करतं, काहीही. त्याशिवाय समोरचा खुलत नाही.” घरचं काय सांगायचं? घरी नवरा होता. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, अजूनही नळाचं पाणी तोंडात घोळवून ‘आज क्लोरीन जास्त पडलंय’ म्हणणारा, आणि त्यापलीकडे दिवसभरात फारसं काही न बोलणारा. दुकानात सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. मग तिनं पुढच्या खेपेला एक मुलगा केला. गरजेपुरताच, मोठ्या पडद्याच्या टीव्हीसाठी हट्ट धरणारा. तो विक्रेत्याला आवडला. त्याच्या पुढच्या खेपेला मुलाचं लग्न झालेलं होतं आणि सुनेला फ्रिजच्या दारात बाटल्यांना जास्त जागा हवी होती. हळूहळू त्यांना सवयी लागल्या. मुलगा चहात साखर घेत नसे. सून स्वभावानं गोड, पण ओटा पुसायचा कंटाळा. एकदा एका दुकानात भांडी धुवायच्या मशीनसमोर सुनेबद्दल बोलता बोलता तिचा आवाज खरोखर चढला होता, आणि घरी परतताना बसमध्ये ती बराच वेळ घुश्शात बसून होती. मग खिडकीत आपलं तोंड पाहून तिला हसू फुटलं होतं. शेजारच्या माणसानं सरकून बसायला जागा दिली होती.

नातू मात्र तिनं ठरवून केला नव्हता. तो आपला आपण आला. त्या दिवशी ती नुसती म्हणणार होती की घरात बाळ आलंय, कपडे फार पडतात. पण जीभ वळली आणि शब्द बाहेर आले, सातव्या महिन्यात झालाय, अजून पेटीत आहे. का? पूर्ण दिवसांचं, गुटगुटीत बाळ मागायचीसुद्धा तिची हिंमत झाली नसेल, असं तिला नंतर वाटलं होतं. खोट्यातसुद्धा तिनं जेमतेम जगेल इतकंच मागितलं होतं.

“माझी पण सातव्यातलीच,” थोरली सांगत होती. तिनं मूठ वळून दाखवली. “एवढी होती. डॉक्टर म्हणाले, आशा ठेवू नका. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा, आशेचं मी बघते. आता शाळेत जाते. एका कानानं ऐकू येत नाही, पण कामाचं सांगितलं की दोन्ही कानांनी येत नाही, आणि खाऊचं म्हटलं की भिंतीपलीकडून येतं.” ती स्वतःच मोठ्यानं हसली. “तुमच्याबद्दल घरी सांगितलं होतं मी. ती विचारायची मधूनमधून, त्या काकूंचं बाळ पेटीतून बाहेर आलं का म्हणून. आता जाऊन सांगते. खातो का नीट?”

“दूध म्हटलं की पळतो. बिस्किटं मात्र पाण्यात बुडवून खातो. सगळ्या घरात लगदा.”

“आणि तेव्हाचं मशीन? घेतलंत का कुठून?”

“राहूनच गेलं. तेव्हापासून सगळं हातानंच चाललंय. आता म्हटलं, घेऊनच टाकावं.”

थोरलीनं आजूबाजूला पाहिलं. ते नवराबायको कंटाळून टीव्हीच्या बाजूला निघून गेले होते. तिनं आवाज खाली आणला. “मग आणखी थोडे दिवस कळ काढा, काकू. आज घेऊ नका. नवीन मॉडेल येतंय, हेच मशीन बरंच उतरेल. आणि ती जादा वॉरंटी गळ्यात मारतील, ती मुळीच घेऊ नका. नेमका बिघाड होतो तो त्यात बसतच नाही. मी रोज बघते ना, माणसं येतात, भांडतात, रडकुंडीला येतात. मला मान खाली घालून ‘क्षमस्व’ म्हणावं लागतं.” मग एकदम आठवल्यासारखं, “आणि त्याचे कपडे दोनदा साध्या पाण्यातून काढत जा हं. साबण राहिला की अंगाला खाज सुटते.”

ती “हो” म्हणाली. ती बाहेर आली. रस्त्यावर ऊन होतं आणि समोरच्या इमारतीच्या काचा पुसणारे दोघं दोराला लटकून एकमेकांशी मोठमोठ्यानं बोलत होते. हात पर्सवर गेला तेव्हा तिला कळलं, की आपण सगळा वेळ कडीशेजारचं ते बटण तळव्याखाली दाबून धरलं होतं. ते झाकलं जावं म्हणून, की नीट ऐकू यावं म्हणून? दाबल्यानं ते बंद होत नाही हे तिला पक्कं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गुण भरायला बसली. आधी सगळं ऐकायचं आणि मग एकेका प्रश्नापुढे खूण करायची, अशी तिची पद्धत होती. या कामात बाकी सगळं खोटं असलं तरी गुण खरे, एवढी एक गोष्ट ती स्वतःपुरती जपून होती. कुणी आवडला म्हणून जास्त नाही, कुणी उर्मट वागला म्हणून कमी नाही. टेबलावर तिनं ते रेकॉर्डिंग लावलं. थोरलीचा आवाज खोलीत आला, आणि मग तिचा स्वतःचा. आपला आवाज ऐकायची तिला सवय होती, पण हा निराळाच होता. भरलेला, हलका, मधेच खुदकन हसणारा. ‘चालतो कुठला, धावतोच.’ तिनं ते मागं नेऊन पुन्हा ऐकलं, पार बिस्किटांच्या लगद्यापर्यंत. मग पुन्हा.

“हा कोण?”

नवरा दारात उभा होता, हातात पाण्याचा ग्लास. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे.

“कोण कोण?”

“बिस्किटं पाण्यात बुडवून खाणारा.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. चहा सोडल्यापासून तो बिस्किटं पाण्यात बुडवून खाई. रोज सकाळी तिच्यासमोर बसून खाई आणि ती रोज दुसरीकडे बघे. दुकानात बोलताना हे आपण कुठून उचललं हे तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“काम आहे माझं,” ती म्हणाली. “काहीतरी सांगावं लागतं.”

“नातू सांगितलास?”

“सांगितला.”

“नाव काय ठेवलंयस?”

“नाव नाही ठेवलं. कुणी विचारलं नाही.”

तो आत येऊन समोरच्या खुर्चीवर बसला. ग्लास टेबलावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हसूही नव्हतं. प्रयोगशाळेत काचेच्या नळीतलं पाणी उजेडाकडे धरून बघताना त्याचा चेहरा असा होत असणार, असं तिला वाटलं. “दुकानात बरा लागतो तुझा आवाज,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “लाव की. ऐकू दे पुढचं.”

“कशाला?”

“बघू. काय काय करतो तो.”

बघू. हा एक शब्द तिनं उभ्या आयुष्यात जितका ऐकला तितका दुसरा कुठला ऐकला नसेल. लग्नानंतरच्या वर्षांत तिनं तिच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. थंडगार टेबलांवर पाय दुमडून पडली होती, सुया सोसल्या होत्या, आणि प्रत्येक डॉक्टरनं एकच सांगितलं होतं, की तुमच्यात काही दोष नाही, आता यांना पाठवा. ती घरी येऊन सांगे. तो पेपरातून डोकं वर काढून म्हणे, बघू. पुढच्या महिन्यात बघू. ऑफिसातला हा गडबडीचा काळ जाऊ दे, मग बघू. त्याला भीती वाटत होती का? आपलंच पाणी तपासायची वेळ आल्यावर त्या नळीत काय दिसेल याची? तिनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो काय म्हणाला असता हे तिला माहीत होतं. मूल दत्तक घ्यायची गोष्ट काढली तेव्हाही तेच. तेव्हा तर त्यानं ग्लासातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतता ओतता, पाठमोरा राहून म्हटलं होतं. बघता बघता त्या सगळ्या गोष्टी बघण्यापलीकडे गेल्या. आणि आता, सगळं संपून गेल्यावर, तो खुर्ची ओढून बसला होता, पाय लांब सोडून, तिनं लोकांच्या दुकानांतून चिंध्या गोळा करून एकटीनं शिवलेलं ते पोर फुकटात बघायला.  तिनं रेकॉर्डिंग बंद केलं.

“संपलं,” ती म्हणाली.

“एवढंच?”

“एवढंच.”

तो ग्लास घेऊन निघून गेला. ती प्रश्नांकडे वळली. दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे दुर्लक्ष केलं का? होय. खाजगी बोलण्यात वेळ घालवला का? होय. जादा वॉरंटी सुचवली का? नाही. खरेदीपासून परावृत्त होईल असं काही बोलले का? होय. दुकानाची आतली माहिती बाहेर सांगितली का? होय. प्रत्येक खूण बरोबर होती. एकही खूण कुणी खोटी ठरवू शकलं नसतं. ‘यंत्र बिघडलं’ असं कळवता आलं असतं, ते कुणी तपासत नाही. ‘मला ओळखलं गेलं, भेट रद्द’ हे तर नियमातच बसत होतं. हे दोन्ही रस्ते तिला स्पष्ट दिसत होते. तिनं ते दिसू दिले. पण त्या क्षणी तिला ते पोर घरात नको होतं. ते तिच्या नवऱ्यासारखं बिस्किटं खात होतं. आणि थोरलीचाही तिला राग आला होता, हे तिला मान्य करावं लागलं. मुठीएवढ्या पोरीची आई झालेली, आशेचं मी बघते म्हणणारी, घरी जाऊन दुसऱ्याच्या बाळाची बातमी देणारी ती बाई. तिला काय कमी होतं? फार तर तिला बोलावून चार गोष्टी सुनावतील, पुन्हा एकदा प्रशिक्षणाला बसवतील. एवढंच होईल असं तिनं स्वतःला सांगितलं, आणि सांगताना तिला कळत होतं की हा आपला दुकानातला आवाज आहे. तिनं सगळं पाठवून दिलं.

गुणवाल्याचा फोन आला तेव्हा तो खुशीत होता. ओळखल्यावरही आत का थांबलात, असं त्यानं विचारल्यासारखं केलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. “असं उघडंवाघडं क्वचित हाती लागतं हो. मालकांनी स्वतः ऐकलं.” पुढे कधीतरी, भलत्याच कामाचं बोलणं चालू असताना, त्यानं जाता जाता सांगितलं, “त्या बाईला काढलं बरं का. सगळ्या लोकांना गोळा करून तुमचं रेकॉर्डिंग ऐकवलं म्हणे, असं वागायचं नाही म्हणून. ती पण होती तिथं.” फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि उगाच एक डबा उघडून बंद केला. सगळ्या लोकांना. म्हणजे निळ्या शर्टांच्या त्या घोळक्यात, फ्रिजांच्या मधल्या मोकळ्या जागेत, तिचा नातू धावला होता. बिस्किटांचा लगदा करून गेला होता. पोरी तोंडावर हात ठेवून हसल्या असतील. आणि थोरली? कुठल्या वाक्याला तिच्या लक्षात आलं असेल? पहिल्याच? की ती शेवटपर्यंत वाट पाहत राहिली असेल, की हे दुसऱ्याच कुणीतरी टिपलंय, काकूंना यातलं काही माहीतच नाही? आणि मग त्या दिवशी घरी जाऊन तिनं पोरीला काय सांगितलं असेल?

त्यानंतर तिची माणसं तिला सोडून गेली. मुलगा, सून, एकेक करून. दुकानात उभी राहिली की तोंडाला कोरड पडे. “एकटीच आहे,” ती म्हणे, “लहानसं काहीतरी दाखवा.” विक्रेते लहानसं काहीतरी दाखवत आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघत. गुणवाल्यानं दोनदा टोकलं, की पूर्वीसारखी मजा येत नाही तुमच्या कामात. घरी नवऱ्यानं तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र तो आता बिस्किटं कोरडीच खाऊ लागला होता. कडाकडा आवाज करत, घोटभर पाणी नंतर वेगळं पीत. हे तो आपल्यासाठी करतो आहे की आपल्यावर करतो आहे, हे तिला ठरवता येईना. एकदा तिनं न बोलता त्याच्यासमोर पाण्याची वाटी सरकवली. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि वाटी तशीच परत सरकवली.

मग शहराच्या पार दुसऱ्या टोकाला एक नवं दुकान उघडलं आणि गुणवाल्यानं तिला तिथं धाडलं. नव्या रंगाचा आणि पुठ्ठ्याचा वास, अजून प्लास्टिक न काढलेले पंखे, दारात फुगे. वॉशिंग मशीनचा विभाग अगदी आत होता. राखाडी कोट घातलेली एक बाई पाठमोरी उभी राहून मशीनची झाकणं पुसत होती. मनगटाला लवचिक पट्टा होता. तिच्या मनात आलं, आता तरी निघ, नियमच आहे तसा. तेवढ्यात बाई वळली.

थोरलीनं तिला ओळखलं. त्यात शंकाच नव्हती, कारण तिची नजर आधी चेहऱ्यावर आली आणि मग सरळ पर्सच्या कडीवर गेली. तिथं घटकाभर राहिली. मग ती हसली. छान हसली, दात किंचित दिसतील इतकं, डोळ्यांत बघून, मान थोडी कलती करून. नेमकं तसंच हसावं असं नियमात लिहिलेलं होतं.

“नमस्कार मॅडम, स्वागत आहे आपलं. काय दाखवू?”

“मी...” ती म्हणाली. “वॉशिंग मशीन.”

“जरूर. या ना, इकडून या. घरी माणसं किती आहेत, मॅडम? म्हणजे त्याप्रमाणे सुचवता येईल.”

“ओळखलं नाहीस का मला?”

“इथं येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आमच्या ओळखीचंच असतं, मॅडम.” आवाजात ओरखडासुद्धा नव्हता. “हे आठ किलोचं बघा. मोठ्या कुटुंबाला चांगलं. आवाज अजिबात नाही. पाणी कमी लागतं.” तिनं झाकण उघडलं, आतला ढोल बोटानं फिरवून दाखवला. बाजूनं जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाला “माझे सहकारी आपल्याला मदत करतील” असं अदबीनं सांगितलं. जादा वॉरंटीबद्दल सांगितलं, तिच्यात काय काय बसतं ते न अडखळता, एकही गोष्ट न वगळता. काही शंका आहे का म्हणून विचारलं आणि उत्तरासाठी योग्य तेवढी थांबली. ती ऐकत होती, आणि तिच्या डोक्यातला तो कोपरा एकामागून एक खुणा करत सुटला होता. होय, होय, होय. इतके गुण तिनं आजवर कुणाला दिले नव्हते.  तिला बसावंसं वाटलं. स्टूल नव्हतं. या दुकानात गिऱ्हाइकांसाठी स्टुलं ठेवलेलीच नव्हती.

“तुझी मुलगी कशी आहे?” तिनं विचारलं.

थोरलीचा हात झाकणावर होता. तो तसाच राहिला. “यात गरम पाण्याचीही सोय आहे, मॅडम,” ती म्हणाली. “डाग लवकर निघतात.”

“ऐक ना. मी त्या दिवशी...”

“बटण दाबलं की आपोआप सुरू होतं. काही बघायला लागत नाही.”

तिला वाटलं, हिनं ओरडावं. सगळ्या दुकानादेखत पर्स हिसकावून घ्यावी, फरशीवर आपटावी, वाटेल ते बोलावं. ते सोसता आलं असतं, कदाचित बरंही वाटलं असतं. पण समोरचं ते हसू जिथल्या तिथं होतं, आणि त्याच्यामागं जाण्याची एकच वाट तिला सुचली. ती वाट फार उशिरा सुचली होती आणि ती कुठंच जात नव्हती, हेही तिला बोलता बोलता कळलं.

“मला नातू नाही,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. पलीकडे इस्त्र्या बघणाऱ्या दोन बायकांनी वळून पाहिलं. “नव्हताच कधी. मुलगाही नाही, सूनही नाही. घरी आम्ही दोघंच असतो, मी आणि माझा नवरा. मी सगळं खोटं सांगितलं होतं. नोकरी म्हणून नाही. म्हणजे नोकरी म्हणूनच, पण...”

 पर्सच्या कडीशेजारी बटण आपलं काम करत होतं. हे सगळं आता एजन्सीत जाणार होतं, गुणवाला ऐकणार होता, आणि यानंतर तिला कुठल्याच दुकानात कुणी पाठवणार नव्हतं. त्याचं तिला त्या घडीला काहीच वाटलं नाही. ती फक्त थोरलीच्या तोंडाकडे बघत राहिली.

थोरलीचं हसू कमी झालं नाही की वाढलं नाही. तिनं आठ किलोच्या मशीनचं झाकण लावलं, त्यावर उमटलेले बोटांचे ठसे फडक्यानं पुसले.

“मग एवढं मोठं घेऊन काय कराल?” ती म्हणाली. “दोघांना सहा किलोचं पुरतं.”

हे थोरली गिऱ्हाइकाला म्हणाली, की खुद्द तिला? महागातलं सोडून स्वस्तातलं सुचवणं नियमात बसत नव्हतं, तसं वागूनच थोरलीची आधीची नोकरी गेली होती. पण वाक्याच्या आधी किंवा नंतर ‘मॅडम’ होतं की नव्हतं, हेसुद्धा तिला आठवेना. माणसांचे आवाज तोलण्यात आयुष्याची इतकी वर्षं गेली होती आणि हा एक आवाज तिला तोलता येईना. ती वाट पाहत राहिली. आणखी एखादा शब्द येईल, निदान एखादी शिवी तरी.

थोरली रांगेच्या टोकाला असलेल्या लहान मशीनपाशी जाऊन उभी राहिली होती. झाकण उघडून धरून ती इकडेच बघत होती. पर्स छातीशी धरून ती थोरलीकडे चालत गेली.